माणसें मोजावीं कीं जमीन ?

लोकशाहींत शेवटचा शब्द लोकांचा, हें तत्त्व आपण निःशंकपणें उच्चारतों. पण लोकांनींच बहुमतानें कांहींजणांच्या मताचें मोल कमी केलें, तर त्यास लोकेच्छा म्हणावयाचें कीं अन्याय ? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत हा प्रश्न ३८ वर्षें उभा होता.

तेथील वरिष्ठ सभागृहांत ४० व कनिष्ठ सभागृहांत ८० सभासद. दोहोंची वांटणी पूर्वीं लोकसंख्येवरच होत असे. पुढें दक्षिणेकडील लॉस एंजेलिस झपाट्यानें वाढलें. १९२० च्या खानेसुमारीप्रमाणें मतदारसंघ नव्यानें आंखले, तर सत्ता तिकडे जाणार हें उघड होतें. म्हणून फेररचना वर्षानुवर्षें रखडली. अखेर १९२६ सालीं २८ क्रमांकाची घटनादुरुस्ती मतदारांपुढें आली. वरिष्ठ सभागृहांत कोणत्याहि काउंटीस, म्हणजे जिल्ह्यास, एकाहून अधिक सभासद नसावा व एका मतदारसंघांत तीनांहून अधिक काउंट्या नसाव्या, असा तिचा आशय. राष्ट्राच्या सीनेटमध्यें लहानमोठ्या सर्व संस्थानांस समान जागा आहेत, हा तिचा दाखला. केवळ लोकसंख्येवर आधारलेली प्रतिस्पर्धी सूचना त्याच मतदानांत पडली व ही मंजूर झाली.

दाखला आकर्षक होता, पण सदोष होता. अमेरिकेचीं मूळ संस्थानें संघराज्याच्या आधींचीं; त्यांनीं करार करून संघ घडविला. काउंट्या मात्र संस्थानानेंच कारभारासाठीं पाडलेले विभाग होत. परिणाम काय झाला ? १९६० सालीं लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती ६० लाखांहून अधिक, आणि अल्पाइन, इन्यो व मोनो या तीन डोंगराळ काउंट्यांची मिळून सुमारें १४ हजार. सभासद मात्र दोहींकडे एकेकच! तरीहि १९४८, १९६० व १९६२ सालीं बदलाच्या सूचना मतदारांनींच फेंटाळल्या. दक्षिण आपलें पाणी ओढून नेईल, ही उत्तरेची भीतीहि त्यामागें होती.

१९४८ च्या वादांत जुन्या व्यवस्थेच्या बाजूनें उभे राहिलेल्यांत गव्हर्नर अर्ल वॉरेन हे होते. १९५३ सालीं ते राष्ट्राचे सरन्यायाधीश झाले. १५ जून १९६४ रोजीं अलाबामाच्या खटल्यांत त्यांनींच निर्णय लिहिला कीं, दोन्ही सभागृहें लोकसंख्येवरच आधारलीं पाहिजेत. प्रतिनिधि माणसांचे असतात, झाडांचे वा एकरांचे नव्हेत. त्याच दिवशीं कोलोरॅडोचाहि निकाल लागला. तेथील अशीच योजना १९६२ सालीं प्रत्येक काउंटींत बहुमतानें मंजूर झाली होती. तरीहि ती रद्द ठरली, कारण व्यक्तीचा समान मताधिकार बहुमतानेंहि हिरावतां येत नाहीं. कॅलिफोर्नियाची व्यवस्था या निर्णयांपुढें टिकली नाहीं; १९६५ सालीं मतदारसंघ नव्यानें आंखले गेले. आपली पूर्वींची भूमिका चुकीची होती, हें वॉरेन यांनीं पुढें मान्य केलें.

रेघ कोणीं आंखावी, हा वाद मात्र मिटलेला नाहीं. २००८ सालीं तेथील मतदारांनीं विधिमंडळाचे मतदारसंघ आंखण्याचें काम १४ नागरिकांच्या मंडळाकडे सोंपविलें. २०१० सालीं काँग्रेसचे मतदारसंघहि त्याच्याकडे दिले. आणि २०२५ सालीं त्यांनींच काँग्रेसपुरता, तोहि कांहीं निवडणुकांसाठीं, विधिमंडळानें केलेला नकाशा पत्करला. लोकमत असें फिरतें, व तें फिरावेंहि. परंतु ज्या मतानें तें व्यक्त व्हावयाचें, त्याचें वजन तरी सर्वांच्या हातीं सारखें असलें पाहिजे. बहुमताच्या सत्तेस अर्थ येतो तो यामुळेंच.