मलकापूरचे रेचे आणि हंगामी श्रमाचा थकवा

1860च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा नागपूर मार्ग वऱ्हाडात शिरला आणि त्यावरील मलकापूर कापसाची बाजारपेठ म्हणून वाढले. अशा गावांतील जिनिंग कारखाने, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणारे रेचे, मुख्यतः कापसाच्या हंगामापुरतेच चालत. 1881च्या फॅक्टरी कायद्याने वर्षाला चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले होते. 1911च्या कायद्याने तेही कक्षेत घेतले, तरी 1934च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना आठवड्याला 54 तासांची, तर हंगामी कारखान्यांना 60 तासांची मर्यादा घातली. याच काळात औद्योगिक मानसशास्त्र, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या मानवी वर्तनाचा अभ्यास, पाश्चात्त्य देशांत थकवा, विश्रांती आणि उत्पादन यांचा संबंध तपासत होते. हंगाम अल्प म्हणून दीर्घ श्रम सुसह्य ठरतात, ही समजूत त्या कसोटीवर दुबळी ठरते, कारण पुरेशा विश्रांतीअभावी थकवा दिवसागणिक साचत जातो.