मूस आणि त्यांची हाडे : रॉल्फ पीटरसन यांचे जीवनकार्य

'मूस' हा शब्द कानी पडला म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सोनाराची किंवा ओताऱ्याची मूस उभी राहते. परंतु उत्तर अमेरिकेच्या थंड अरण्यांत याच नावाचा एक प्रचंड प्राणी वावरतो. हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतला असून, झाडाची साल व डहाळ्या ओरबाडून खाणारा असा त्याचा अर्थ सांगतात. मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी होय. आपल्याकडील सांबर पुष्कळच थोराड असते. पण मूसपुढे तेही धाकटे दिसावे. मूसचा खांदा पुरुषभर उंच, वजन चारशे किलोच्या आसपास, आणि नराच्या मस्तकी परातीसारखी पसरट शिंगे. ही शिंगे दरवर्षी गळतात व दरवर्षी नवी येतात. अशा या प्राण्याच्या व त्याला मारून खाणाऱ्या लांडग्याच्या अभ्यासात ज्याने पन्नासांहून अधिक वर्षे घालविली, त्या रॉल्फ पीटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाचे चरित्र जाणून घेण्यासारखे आहे.

या चरित्राची रंगभूमी म्हणजे सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल हे बेट. सरोवर म्हटले तरी ते समुद्रासारखे अफाट. आणि बेट सुमारे बहात्तर किलोमीटर लांब व चौदा किलोमीटर रुंद. सर्वांत जवळचा मुख्य किनारासुद्धा वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काही मूस तेथे पोहोचले. बहुधा ते पोहत आले असावेत. बेटावर चारा विपुल होता आणि त्यांना मारणारा कोणी नव्हता. साहजिकच पंचवीस-तीस वर्षांत त्यांची संख्या भरमसाट वाढली.

इ. स. १९२९ व १९३० या वर्षी ॲडॉल्फ म्यूरी नावाच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने हे बेट पायांखाली घातले. झाडांचे शेंडे खुरटलेले व पाणवनस्पती संपत आलेल्या पाहून, येथे लवकरच उपासमार होणार, असे त्याने ओळखले. त्याचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास त्याचे भाकीत खरे ठरले आणि शेकडो मूस अन्नावाचून मेले. पुढे १९३६ साली मोठा वणवा लागून बेटाचा बराच भाग जळाला. जळालेल्या जमिनीवर भूर्ज व वाळुंज यांची कोवळी झाडे फुटली आणि मूसची संख्या पुन्हा वाढू लागली. १९४० साली बेट राष्ट्रीय उद्यान झाले. मग १९४९ च्या सुमारास एका कडक हिवाळ्यात सरोवर गोठले, बर्फाचा पूल तयार झाला आणि त्यावरून काही लांडगे चालत बेटावर आले.

निसर्गाने जणू एक प्रयोगशाळाच मांडून दिली होती. एका बाजूला एकच मोठा शाकाहारी प्राणी, दुसऱ्या बाजूला त्याला मारणारा एकच प्राणी, आणि भोवती पाण्याचे कुंपण. मनुष्याची शिकार नाही, शेती नाही, गुरे नाहीत. ही संधी ओळखली ती पर्ड्यू विद्यापीठाचे प्राध्यापक ड्युअरवर्ड ॲलन यांनी. १९५८ साली त्यांनी दहा वर्षांचा संकल्प करून अभ्यास सुरू केला. त्यांचे पहिले विद्यार्थी डेव्हिड मीच यांनी लांडग्यांचा माग काढून दाखवून दिले की, लांडगा वाटेल त्या मूसला मारू शकत नाही. धडधाकट मूस पाय रोवून उभा राहिला तर लांडगे बहुधा माघार घेतात. त्यांच्या तावडीत सापडतात ती वासरे, म्हातारे व रोगी.

रॉल्फ पीटरसन यांचा जन्म १९४९ चा. म्हणजे लांडगे बेटावर आले त्याच सुमाराचा. १९७० साली मिनेसोटा विद्यापीठाच्या डलूथ येथील शाखेतून पदवी घेऊन ते ॲलन यांच्या हाताखाली दाखल झाले. १९७४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, १९७५ पासून ते मिशिगन टेक या विद्यापीठात अध्यापन करू लागले, आणि ॲलन निवृत्त होताच अभ्यासाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. दहा वर्षांचा संकल्प त्यापूर्वीच उलटून गेला होता. परंतु जे प्रश्न उभे राहिले होते ते दहा वर्षांत सुटणारे नव्हते.

त्यांच्या कामाची रीत साधी व कष्टाची होती. हिवाळ्यात बेट पाहुण्यांना बंद असते. त्या काळात सुमारे सात आठवडे पीटरसन व एक-दोन सहकारी तेथे मुक्काम करीत. चाकांऐवजी घसरपट्ट्या लावलेल्या दोन आसनांच्या लहानशा विमानातून ते बर्फावरील पावलांचा माग काढीत, लांडगे मोजीत, मूस मोजीत आणि शिकार कोठे झाली ते नकाशावर टिपून ठेवीत. उन्हाळ्यात पीटरसन व त्यांच्या पत्नी कॅरोलिन बेटावरील एका जुन्या कोळ्याच्या लाकडी घरात राहत; त्यांची मुलेही तेथेच रांगली, वाढली. त्या दिवसांतले काम म्हणजे रान तुडवून मेलेल्या मूसची हाडे गोळा करणे. पाठीवर ओझे बांधून कवट्या, जबडे व पायांची हाडे आणावयाची, स्वच्छ करावयाची, मोजावयाची आणि क्रमांक घालून ठेवावयाची. १९८८ पासून हौशी स्वयंसेवकही या कामाला येऊ लागले. आजवर जमलेल्या मूसची संख्या चार हजारांहून अधिक आहे.

हाडांवरून काय कळते, असे कोणी विचारील. दाताच्या मुळावर दरवर्षी एक थर चढतो. दात कापून ते थर मोजले की मूस कितव्या वर्षी मेला ते समजते. सांध्याच्या हाडावरून संधिवात होता की नव्हता ते दिसते. पायाच्या हाडाची लांबी सांगते की, तो वासरू असताना त्याला पोटभर खावयास मिळाले होते की नाही. या सर्वांची सांगड घालून पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक निष्कर्ष मांडला : ज्या मूसचे बालपण उपासमारीत गेले, त्यांना म्हातारपणी संधिवाताने अधिक ग्रासले, आणि असेच मूस लांडग्यांच्या दाती लागले. बालपणीची भूक वृद्धपणी सांध्यांतून बोलते, ही गोष्ट मनुष्यालाही लागू पडत असेल काय, याचा विचार वैद्यकानेही करावा, असे त्यांनी सुचविले. एका मेलेल्या जनावराचे हाड चाळीस वर्षे जपून ठेवल्याचे हे फळ होते.

तत्पूर्वी १९९४ साली पीटरसन यांनी एका सहकाऱ्यासह बाल्सम फर या झाडांच्या खोडांतील वर्षवलये तपासली होती. हिवाळ्यात मूस याच झाडावर गुजराण करतात. लांडगे पुष्कळ असतील त्या काळात मूस घटतात आणि वलये रुंद होतात. लांडगे कमी झाले की मूस वाढतात व वलये अरुंद होतात. म्हणजे लांडग्याची बरी-वाईट दशा झाडाच्या खोडात लिहिली जात होती.

परंतु निसर्गाचा तोल हा तराजूसारखा स्थिर असतो ही समजूत या बेटाने पार खोटी ठरविली. १९८० साली लांडग्यांची संख्या पन्नास झाली. दोनच वर्षांत ती चौदावर आली. कुत्र्यांचा एक विषाणुजन्य रोग, बहुधा कोणा पाहुण्याने नियम मोडून आणलेल्या कुत्र्याबरोबर, बेटावर पोहोचला होता. लांडगे घटताच मूस वाढत गेले. १९९५ साली ते सुमारे चोवीसशे होते. पुढचा हिवाळा अत्यंत कडक पडला, चारा संपला, गोचिडांनी रक्त शोषले, आणि १९९७ पर्यंत पाचशेच्या आसपास मूस शिल्लक राहिले. पीटरसन यांनी १९९५ साली लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच तोल ढळल्याचा उल्लेख आहे.

लांडग्यांचे दुखणे मात्र आणखी खोल होते. बेटावरचे सर्व लांडगे दोन-तीन पूर्वजांचे वंशज होते. आप्तांआप्तांतच संतती होत गेल्यामुळे अनेकांच्या मणक्यांत जन्मजात विकृती आढळू लागली. १९९७ साली बर्फावरून एक नवा नर आला. तो परका होता हे पुढे विष्ठेच्या जनुकीय परीक्षेवरून कळले. त्याच्या रक्ताने काही काळ कुळाला उभारी आली. पण त्याचीच संतती सर्वत्र पसरली आणि घराणे पुन्हा आपल्यातच अडकले. पूर्वी सरोवर वारंवार गोठत असे. हवामान तापत चालल्याने बर्फाचा पूल दुर्मिळ झाला होता. २०१४ साली तो झाला, तेव्हा कोणी आले नाही. उलट बेटावरील एक मादी निघून गेली आणि मुख्य भूमीवर मृत सापडली. २०१६ साली दोनच लांडगे उरले. ते पिता व कन्या असून नात्याने सावत्र भावंडेही होते.

आता प्रश्न उभा राहिला : बाहेरून नवे लांडगे आणावेत काय? १९७६ पासून बेटाचा जवळजवळ सर्व भाग कायद्याने संरक्षित अरण्य आहे. अशा अरण्यात मनुष्याने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व पीटरसन यांनीही आयुष्यभर मानले होते. परंतु त्यांचे म्हणणे असे की, रोग मनुष्याने आणला, हवा मनुष्याने तापविली, बर्फाचा पूल मनुष्यामुळे नाहीसा झाला. मग आता हात जोडून बसणे याला तटस्थता म्हणता येणार नाही. लांडगे गेले तर मूस वाढतील, अरण्य खातील आणि अखेर म्यूरीने पाहिलेली उपासमार पुन्हा येईल. याउलट, डेव्हिड मीच यांनी थांबून पाहण्याचा सल्ला दिला. एकाच गुरूचे हे दोन शिष्य. दोघांनीही तेच रान तुडविले होते, तेच बर्फ पाहिले होते. आणि त्यांची मते भिन्न झाली. त्यात वैर नव्हते. प्रश्नच तेवढा अवघड होता.

अखेर २०१८ साली उद्यान खात्याने नवे लांडगे सोडण्याचा निर्णय घेतला. त्या वर्षीच्या व पुढील वर्षीच्या मोहिमांत मिनेसोटा, मिशिगन व कॅनडातील ऑन्टॅरिओ येथून एकोणीस लांडगे बेटावर आणण्यात आले. २०१९ साली मूसची संख्या दोन हजारांवर गेली होती. २०२४ च्या गणनेत लांडगे सुमारे तीस आणि मूस सुमारे साडेआठशे भरले. बाल्सम फरची रोपटी पुन्हा मान वर काढतील काय, हे आणखी काही वर्षांनी वलयेच सांगतील.

पीटरसन यांनी अभ्यासाची सूत्रे पूर्वीच आपले सहकारी जॉन व्हुसेटिक यांच्याकडे सोपविली होती. परंतु बेटावर जाणे व हाडे वेचणे त्यांनी सोडले नाही. ज्ञान पुष्कळदा एका झेपेत मिळत नाही. ते एकेक हाड उचलून, क्रमांक घालून, पुढील पिढीच्या हाती द्यावे लागते. दहा वर्षांच्या संकल्पाने आरंभलेले काम साठ वर्षे ओलांडून पुढे चालले, ते अशा धीराच्या माणसांमुळे. आणि ज्याने जन्मभर 'हात लावू नका' असे म्हटले, त्यानेच पुरावा पाहून 'आता हात द्या' असे म्हणण्याचे धैर्य दाखविले. शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाची याहून मोठी कसोटी ती कोणती?