मुतालिकाच्या हातातील शिक्का

स्वतःच्या नावाची खूण दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्याकडून काम करवून घेणे ही गोष्ट राज्यव्यवहारात फार जुनी आहे. अलीकडे संगणकावरील स्वयंचलित कार्यक्रम, ज्यांना 'एजंट' ही संज्ञा रूढ झाली आहे, धन्याच्या वतीने बँकेच्या वा सरकारी खात्यांच्या संकेतस्थळांवर प्रवेश करू लागले आहेत. त्यांच्या हाती पासवर्ड द्यावा काय आणि दिल्यास कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न आज तंत्रज्ञांपुढे आहे. मराठी दप्तरांशी परिचय असलेल्या अभ्यासकास तो अपरिचित वाटू नये.

अष्टप्रधानांपैकी बहुतेकांना मुलूखगिरीवर जावे लागे. मागे दरबारातील कारभार चालावा म्हणून प्रत्येकाचा कारभारी असे, आणि धन्याचा शिक्का कागदावर उठविण्याचा अधिकार ज्या कारभाऱ्यास मिळे त्यास मुतालिक म्हणत, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शिक्क्यावर नाव धन्याचे असे, मुतालिकाचे नव्हे. कागद पाहणाऱ्यास शिक्का खरा आहे एवढे कळे. तो कोणाच्या हाताने उठला हे शिक्क्यावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

या व्यवस्थेतील धोका १७५० साली उघड झाला. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याने सांगोल्याच्या आश्रयाने पेशव्यांना विरोध आरंभिला व सदाशिवरावभाऊंस त्याजवर चालून जावे लागले. याच मोहिमेच्या ओघात छत्रपती रामराजांकडून राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे जाण्याचा करार झाला. तथापि पेशव्यांच्या मुद्रेवर छत्रपतींचे नाव पूर्वीप्रमाणेच राहिले. मुतालिकीचे याहून मोठे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात सापडणार नाही!

सावकारी पेढ्यांनी मात्र हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. पेढीची किल्ली कोणाच्या हाती न देता त्यांनी हुंडी दिली. हुंडीत रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली आणि पैसे कोणास द्यावयाचे तेही ठरलेले. धनीजोग हुंडीचे पैसे धारकास मिळत, शाहजोग हुंडीचे केवळ पत असलेल्या सावकारास, तर नामजोग हुंडीचे नाव घातलेल्या व्यक्तीसच. पैसे चुकते झाले की हुंडी रद्द होऊन तिचा 'खोका' होई. तिचा पुन्हा उपयोग नसे. शिक्क्याने सर्वाधिकार जात असे, हुंडीने एकच काम जात असे. दोहोंमधील हा भेद पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

संगणकावरील पासवर्डाचा आरंभ सामान्यतः १९६१ सालच्या, मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील सामाईक संगणक-प्रणालीपासून धरतात. पासवर्ड हा गुणाने शिक्क्यासारखाच आहे. ज्याच्या हाती तो धनी. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या नया नगरसारख्या दाट वस्तीत करसल्लागाराकडे अथवा अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराकडे आपला पासवर्ड कागदावर लिहून देणारे गृहस्थ आजही भेटावेत. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ ने अंकीय स्वाक्षरीची गुप्त किल्ली धारकाने काळजीपूर्वक स्वतःच्या ताब्यात ठेवावी असा दंडक घातला. तरी तो दंडक व चाल यांत अंतर राहतेच. माणसाच्या बाबतीत ओळख, शेजार व भीड यांनी हा व्यवहार सावरून धरला आहे. एजंटास भीड नाही.

म्हणून त्याच्यासाठी पासवर्डांची कुलूपबंद पेटी, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, मध्यस्थ म्हणून योजली जाते. एजंट प्रवेशाची विनंती करतो. धन्याची संमती मिळाल्यावर पेटी स्वतःच पासवर्ड संकेतस्थळाच्या रकान्यात भरते. एजंटाच्या नजरेस तो पडत नाही. याहून पुढची पायरी हुंडीच्या जातीची आहे. २०१२ साली प्रमाणित झालेल्या 'ओऑथ' पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डाऐवजी मर्यादित कामाचे व मुदतीचे टोकन देता येते. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली आखलेल्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेतही ग्राहकाचा पासवर्ड मागितला जात नाही. कोणती माहिती, कोणत्या हेतूने व किती काळ, हे संमतिपत्रात नमूद होते आणि संमती मागे घेता येते.

परंतु पेटी कितीही भक्कम असली तरी एक छिद्र उरते, आणि त्याची जाणीव मराठी वाचकास 'ध चा मा' या आख्यायिकेने करून दिलेली आहे. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाले ही कथा ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकते हा वेगळा प्रश्न. पण तिच्यातील कल्पना अचूक आहे. तेथे शिक्का चोरीस गेला नव्हता, बदलला तो मजकूर. एजंट वाचीत असलेल्या पानात कोणी छुपी आज्ञा लिहून ठेवली व तो ती धन्याचीच समजून चालला, तर नेमके हेच घडते. पासवर्ड सुरक्षित राहतो आणि पैसे भलत्याकडे जातात. पत्राच्या शेवटी 'लेखनसीमा' हे मोर्तब उठविण्यात पुढे मजकूर वाढू नये हाच हेतू होता. कानूजाबत्यातही राजपत्रावर शिक्का करण्याचे काम मुख्य प्रधानाकडे आणि अक्षर न् अक्षर तपासून अधिक-उणे शुद्ध करण्याचे काम सचिवाकडे, अशी वाटणी १६७४ सालीच केलेली आढळते.