'शिल्लक' कोणाची? : भारतातील जैवइंधन-विवादाचा ऐतिहासिक मागोवा

जैवइंधनाविषयीचा वाद 'अन्न विरुद्ध इंधन' असा मांडण्याचा प्रघात आहे. भारतापुरती ही मांडणी अपुरी वाटते. येथे जैवइंधनाचे समर्थन बहुतेक प्रत्येक टप्प्यावर एकाच युक्तिवादावर उभे राहिले : जे शिल्लक आहे, त्यापासूनच इंधन करावयाचे. मात्र शिल्लक कशास म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, याविषयी एकमत कधीच नव्हते.

१९३२ च्या साखर-उद्योग संरक्षण कायद्यानंतर देशातील साखर कारखान्यांची संख्या काही वर्षांतच सुमारे ३० वरून १२५ च्या पुढे गेली. साखरेबरोबर मळीही वाढली आणि तिची विल्हेवाट कारखानदारांना जड जाऊ लागली. मळीपासून मद्यार्क काढून तो पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या कल्पनेला या अडचणीमुळे चालना मिळाली. दुसऱ्या महायुद्धातील पेट्रोलटंचाईने तिला बळ दिले आणि १९४८ मध्ये इंडियन पॉवर अल्कोहोल कायदा अस्तित्वात आला. त्या काळी मळी खरोखरच टाकाऊ होती, हे मान्य केले पाहिजे. पुढे रासायनिक उद्योग व मद्यनिर्मिती यांच्या रूपाने मद्यार्काला अधिक किफायतशीर गिऱ्हाईक मिळाले. खनिज तेलही स्वस्त होते. कायदा कागदावरच राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली परिसरात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले.

जानेवारी २००३ पासून ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाचे धोरण लागू झाले. पण उसाचे उत्पादन घटताच मळीचा पुरवठा आटला. तेलाची आयात कमी करू पाहणाऱ्या देशाला ब्राझीलमधून इथेनॉल आणावे लागले.

याच सुमारास बायोडिझेलसाठी मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) लागवडीचा पुरस्कार झाला. येथे शिल्लक मानली गेली ती 'पडीक' जमीन. महसुली दप्तरातील पडीक ही पुष्कळदा गावाची चराई असते. भूमिहीनांच्या शेळ्या-मेंढ्या आणि चुलीचे सरपण तिच्यावरच अवलंबून असते. दप्तरात या उपयोगाला रकाना नाही. पाण्यावाचून मोगली एरंडाचे उत्पन्नही तुटपुंजे निघाले आणि हा उपक्रम मागे पडला.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाचा रस, बी-हेवी मळी व खराब धान्य यांपासून इथेनॉल निर्मितीस मुभा दिली. शिवाय राष्ट्रीय जैवइंधन समन्वय समितीच्या संमतीने अतिरिक्त धान्य वापरण्याचीही तरतूद केली. एप्रिल २०२० मध्ये या समितीने अन्न महामंडळाच्या जादा तांदळाला मान्यता दिली. त्याच आठवड्यांत टाळेबंदीमुळे रोजगार गमावलेले मजूर शिधापत्रिकेअभावी धान्यासाठी हिंडत होते. गोदामातील तांदूळ हिशेबाने शिल्लक होता. भुकेच्या मापाने तो तसा होता, असे म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला पाण्याची बाजू आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून १ लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २८६० लिटर पाणी लागते. अवर्षणप्रवण तालुक्यांतील उसाविषयीचा जुना वाद त्यामुळे अधिक तीव्र होतो. तथापि, दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : साखरेचे भाव पडले असता इथेनॉलच्या पैशामुळेच कारखान्यांना उसाची देणी भागविता आली. व्याजसवलतीच्या कर्जातून अनेक कारखान्यांनी आसवन्या उभारल्या. डिसेंबर २०२३ मध्ये साखरटंचाईच्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली, तेव्हा ऐन गाळप हंगामात हेच कारखाने अडचणीत आले. ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले.

दरम्यान मका हा इथेनॉलचा प्रमुख कच्चा माल बनला. एरवी मका निर्यात करणाऱ्या देशाने २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात केला आणि कोंबडीखाद्य महागल्यामुळे कुक्कुटपालक शुल्कमुक्त आयातीची मागणी करू लागले. २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले.