गिरणगावाने लिहिलेली आरोग्य योजना

सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. कारखान्यांतल्या परिस्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने आयोग नेमला होता, आणि त्याच्यापुढे ठेवण्याच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर गंभीर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्मभराचं अपंगत्व आलं तर उदरनिर्वाहाची सोय व्हावी. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची आणि स्वास्थ्याची योजना हा शब्दप्रयोग आज मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत रोज ऐकू येतो. भारतात कामगारांनी स्वतः मांडलेली अशी पहिली योजना कोणती, असं कुणी विचारलं तर माझ्या मते उत्तर हा अर्ज आहे.

या अर्जात दवाखाना नाही, व्यायामशाळा नाही, करमणूक नाही. मागितलं आहे ते सगळं कामाच्या आतलं आहे: कामाचे तास, कामाचा मोबदला आणि कामात होणारी इजा. पुढच्या शंभर वर्षांत मुंबईत आणि नागपुरात कामगारांसाठी जे जे केलं गेलं, ते तपासलं तर एक गोष्ट वारंवार दिसते. जी सोय कामाच्या रचनेत शिरली आणि कामगाराच्या हक्कात जमा झाली, तीच टिकली. कामाला हात न लावता बाजूला मांडलेल्या सोयी मालकाच्या मर्जीबरोबर आणि नफ्याबरोबर आल्या नि गेल्या.

त्या पाच मागण्यांचं पुढे काय झालं ते पाहा. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने ही सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की केली. दुखापतीच्या भरपाईचा कायदा मात्र १९२३ मध्ये आला आणि पगार ठरल्या तारखेच्या आत देण्याचा १९३६ मध्ये. प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करतानाच प्लेग होऊन लोखंडे १८९७ मध्ये वारले. यातलं बरंचसं त्यांना पाहायला मिळालं नाही. सूर्यास्ताची मागणी तर उलटीच फिरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळण्याचा कामाशी संबंधच उरला नाही. तेजीच्या काळात तेरा-चौदा तासांच्या पाळ्या झाल्या. ज्या दिव्याने खात्यात लख्ख उजेड पडला, त्याच दिव्याने कामगाराची झोप खाल्ली. प्रौढ पुरुषांच्या तासांवर पहिली मर्यादा आली ती १९११ मध्ये, तीही दिवसाला बारा तासांची. आठवड्याला साठ तास १९२२ मध्ये, चोपन्न १९३४ मध्ये, अठ्ठेचाळीस १९४६ मध्ये. प्रत्येक टप्प्यावर उद्योग बुडेल असं सांगितलं गेलं. उद्योग बुडाला नाही.

यावर नागपूरच्या एम्प्रेस मिलचा दाखला दिला जातो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे. दुसऱ्या मालकाने दंड वाढवला असता. टाटांनी १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली, खात्यात हवा खेळती राहावी आणि आग लागली तर पाणी सुटावं अशी यंत्रणा बसवली. म्हणजे कायद्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी भरपाई मिळू लागली होती. मग चांगला मालक पुरेसा नाही का, कायद्याचं आणि संघटनेचं ओझं कशाला, असा प्रश्न रास्त आहे. पण एम्प्रेसमध्ये नेमकं काय केलं गेलं ते पाहायला हवं. पेन्शन फंड म्हणजे सणाची बक्षिसी नव्हे. त्याला नियम असतात आणि नियम दाखवून मागता येतं. हवा आणि आगीपासून संरक्षण तर थेट कामाच्या जागेत शिरलं होतं. एम्प्रेसचं यश माझ्याच म्हणण्याला आधार देतं. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: मुंबईतल्या गिरण्यांसमोर हे उदाहरण अठ्ठावीस वर्षं उभं होतं आणि तरी कायदा करावा लागला.

कामाच्या रचनेला हात न लावल्याने काय होतं, याचं सर्वात बोचरं उदाहरण विणाई खात्यातल्या धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या अवजारात आहे. कांडीवरचं सूत संपलं की विणकर नवी कांडी धोट्यात घाली आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढी. दिवसभरात असं कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी कापसाची धूळ आणि खळीचे कण तोंडात जात, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. क्षयाने पोखरलेल्या वस्त्यांत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. पण या उष्ट्या धोट्यावरून चर्चा झाली ती रोगाची नव्हे, विटाळाची. सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात येऊ दिलं नाही, आणि विणाईतच पगार जास्त होता. मुंबईच्या गिरण्यांतल्या १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मागण्यांत घेतला, आणि आमची काही हरकत नाही, असं म्हणून मालक मोकळे झाले. वास्तविक अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायचा धोटा १९११ मध्येच कायद्याने बंद केला होता; हाताने ओवता येणारे धोटे होते. अवजार बदललं असतं तर रोगाचा एक मार्ग बंद झाला असता आणि विटाळाचं निमित्तही उरलं नसतं. जातीची भिंत त्याने पडली असती असं नव्हे. पण कामगारांचं कल्याण म्हणून दवाखाने आणि वाचनालयं चालवणाऱ्यांना धोटा दिसला नाही, हे खरं आहे.

माझ्या मांडणीवरचा सगळ्यात जड आक्षेप स्त्री कामगारांच्या बाजूने येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत दर चार-पाच कामगारांमागे एक स्त्री होती. आई पाळीवर असताना मूल गप्प पडून राहावं म्हणून अफू असलेली बाळगोळी दिली जाई. १९२० च्या दशकात सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीभत्त्याचं विधेयक आलं आणि १९२९ मध्ये कायदा झाला: बाळंतपणाच्या सुमारास काही आठवड्यांची रजा आणि दिवसाला आठ आणे. हा हक्कच होता, कामाच्या आतला होता, मालकाच्या मर्जीवर नव्हता. आणि तरीही पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या स्त्रिया कमी कमी होत गेल्या, शेवटी नावापुरत्या उरल्या. रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं ही कारणं होतीच, पण भत्ता आणि पाळणाघराचा खर्च टाळण्यासाठी बाईच नको, हा हिशेबही मालकांनी केला. हक्क मिळाला आणि नोकरी गेली, मग कायद्याने साधलं काय?

याचं उत्तर त्याच विधेयकावरच्या आंबेडकरांच्या भाषणात आहे. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं असल्याने त्याचा मुख्य भार सरकारने उचलायला हवा, आणि स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकाला होतो म्हणून त्यानेही काही वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. कायद्याने मात्र सगळा खर्च त्या एका मालकावर टाकला, आणि ज्या बाईमुळे तो पडतो तिलाच टाळण्याची वाट मालकाला मोकळी करून दिली. दोष हक्काचा नव्हता, खर्चाच्या वाटणीचा होता. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तो ओळखला. आजारपण, बाळंतपण, इजा या सगळ्यांसाठी मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका निधीत जाते. मालकाची वर्गणी पगारावर ठरते, कामगार पुरुष आहे की स्त्री यावर नाही. मुंबईचा १९५३ चा कामगार कल्याण निधी कायदाही याच दिशेचा. कामगारांकडून कापलेला दंड आणि गिरणीत पडून राहिलेला न दिलेला पगार या निधीत जमा होऊ लागला. त्याच्या मंडळावर मालकांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसले, आणि त्यातून चाललेल्या कामगार कल्याण केंद्रांनी महाराष्ट्राला नाट्यस्पर्धा दिल्या. हा पैसा कामगारांचाच होता, म्हणून त्या केंद्रांत ते हक्काने गेले.

आज लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती आहेत आणि तिथे योगदिन, पावलं मोजण्याच्या स्पर्धा, समुपदेशनाच्या दूरध्वनी सेवा चालतात. त्या वाईट नाहीत, पण रात्री अकराला येणारा कामाचा निरोप तसाच राहिला तर सकाळच्या प्राणायामाने झोप भरून निघत नाही. त्याहून गंभीर बाब प्रसूतीरजेची आहे. २०१७ मध्ये ती सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. दोन्ही गोष्टी न्याय्य आहेत. पण महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच राज्य विम्याचं संरक्षण आहे. त्यावरच्या स्त्रीच्या रजेचा पूर्ण पगार एकट्या मालकाने द्यायचा आहे. १९२९ ची चूक इथे तशीच आहे. प्रसूतीलाभापुरती तरी ही पगाराची मर्यादा काढून टाकावी आणि सगळ्या रजेचा खर्च सामाईक वर्गणीतून व्हावा, ही मागणी कामगार संघटनांनी, आणि स्वतःला संघटित न समजणाऱ्या कचेऱ्यांतल्या नोकरदारांनीही, आता लावून धरावी.