थोरली पाती शिकरणीची

मे महिन्यातल्या रविवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या जुन्या वळणाच्या स्वयंपाकघरात डोकावलात, तर नळाला नाहीतर खिडकीच्या गजाला एक पांढरं गाठोडं लोंबताना दिसेल. रात्रभर टिपटिप गळून ते आता गप्प झालेलं असतं. खालच्या पातेल्यात हिरवट पाणी, फडक्यात चक्का, आणि फळीवर पेटीतले पिकत आलेले हापूस. संध्याकाळी आत्या, मावशी, त्यांची पोरंबाळं असा बारा-पंधरा जणांचा गोतावळा जमायचा असतो आणि त्या उकाड्यात गॅसपुढे उभं राहायला कोणीच तयार नसतं. अशा वेळी ठरलेलं उत्तर म्हणजे आम्रखंड. ज्याला ना ढवळत बसायचं, ना आटवायचं, ना भाजायचं, असं हे एकमेव मानाचं पक्वान्न. पुऱ्या तळायचा उत्साह नसेल, तर नुसत्या वाट्या भरून दिल्या तरी पाहुणे रुसत नाहीत.

या पदार्थाच्या कुळाचा शोध घेऊ लागलं की पहिली ठेच त्याच्या नावालाच लागते. संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन. पैठणला एकनाथांच्या घरी खुद्द श्रीकृष्ण बारा वर्षं गडी होऊन राबला, कावडीने पाणी भरत राहिला आणि गंध उगाळत राहिला, अशी कथा आहे. त्या गड्याचं नाव श्रीखंड्या. त्याचा संबंध सहाणेशी, दह्याशी नाही. मग ताटातलं श्रीखंड आलं कुठून? ‘क्षीर’ आणि ‘खंड’, म्हणजे दूध आणि खडीसाखर, यांची ती जोडी असावी असं एक मत आहे. दुसरं मत जास्त रंजक आहे. त्यानुसार हा ‘शिखरिणी’ या जुन्या नावाचाच घासून-पुसून, देवाधर्माचा साज चढवून आलेला अवतार. गुजराती बोलण्यात ‘शिखंड’ असा उच्चार ऐकू येतो, तोही या दुसऱ्या मताच्या बाजूने साक्ष देतो.

शिखरिणी म्हटलं की पाठांतर झालेल्या मंडळींना आधी वृत्त आठवेल. चरणात सतरा अक्षरं, सहाव्या अक्षरावर यती. शिवमहिम्न आणि सौंदर्यलहरी याच चालीत म्हणतात. पण त्याच नावाचा एक खाद्यपदार्थही होता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने, म्हणजे तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ रचला. राजाने काय खावं-प्यावं याची बारकाईने नोंद करणाऱ्या या ग्रंथात, 1129 च्या सुमारास, शिखरिणी आढळते. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरपासून फार लांब नाही. तेव्हा दह्याचा हा गोड प्रकार दख्खनच्या राजवाड्यांत नऊशे वर्षांपूर्वीच मुरलेला होता.

सविस्तर कृती हवी असेल, तर सोळाव्या शतकातल्या भावमिश्राचा ‘भावप्रकाश’ उघडावा. तिथे या पदार्थाचं दुसरं नाव येतं, रसाला. आणि तिचा कर्ता म्हणून चक्क भीमसेन. खाण्यावर प्रेम असलेल्या भीमाने ती रचली आणि श्रीकृष्णाने पुन्हा पुन्हा मागून चाखली, असं ग्रंथकार सांगतो. अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिलेल्या भीमाला हे श्रेय देण्यात गंमत आहे, पण खरा जीव आहे तो कृतीत. पाणी काढून टाकलेलं म्हशीचं आंबट दही एक आढक, पांढरी साखर दोन प्रस्थ. चार प्रस्थांचा एक आढक. म्हणजे दह्याच्या मापाने निम्मी साखर. ती स्वच्छ फडक्यावर थोडी थोडी घालत, अर्धा घट दुधाच्या साहाय्याने नव्या मातीच्या भांड्यात गाळायची. मग वेलची, लवंग, कापूर आणि मिरी. शेवटच्या दोघांची जागा आज केशर-जायफळाने घेतली आहे. फडकं मात्र अजून तेच आहे.

या कृतीतल्या दोन गोष्टी पुणेकराला दचकवतील. पहिली अशी की रसाला वसंत ऋतू सोडून एरवी घ्यावी, असं ग्रंथ बजावतो. उन्हाने सुकलेल्यांना आणि वाट चालून थकलेल्यांना तिची शिफारस आहे, ती ग्रीष्मात आणि शरदात. आणि आपण? नेमका वसंताच्या पहिल्या दिवशी, गुढीपाडव्याला, डबे घेऊन दुकानांपुढे रांगा लावतो. शास्त्राप्रमाणे पाहिलं, तर पाडव्याच्या श्रीखंडापेक्षा मेमधलं आम्रखंडच जास्त सोवळं!

दुसरी गोष्ट दुधाची. अर्धा घट म्हणजे दोन आढक, अर्थात दह्याच्या दुप्पट दूध. एवढं दूध घातलं तर चमचा उभा राहणार नाही. वाटी ओठाला लावावी लागेल. भीमाची शिखरिणी दाट असली तरी ओतता येणारी होती. ती ना पुरीला चिकटत होती, ना तिचा गोळा ताटात वाढता येत होता.

इथून पुढे या घराण्याच्या पात्या फुटल्या. नेपाळात ‘सिकर्नी’ राहिली, ती टांगलेल्या दह्याची, दाट आणि मसाल्याची. आपल्या श्रीखंडाची सख्खी बहीण शोभेल अशी. धारवाड-बेळगावकडे ‘सीकरणे’ झाली: तिच्यात दही उरलं नाही, आंब्याचा किंवा केळ्याचा गर, दूध आणि गूळ-साखर आली आणि ती होळिगेबरोबर वाढली जाऊ लागली. आणि मराठीत झाली शिकरण. केळ्याच्या चकत्या, दूध, साखर, असलीच तर वेलची.

म्हणजे आपल्याकडे वाटणीत नाव गेलं एकीकडे आणि चीजवस्तू गेली दुसरीकडे. टांगलेलं दही, फडकं, साखर, वेलची हे सगळं श्रीखंडाने घेतलं, आणि वर चंदनाचं भारदस्त नावही लावून घेतलं. शिखरिणीचं नाव आणि तिचा पातळपणा तेवढा शिकरणीच्या वाट्याला आला. श्रीखंड पंगतीत गेलं, शिकरण घाईच्या रात्रीच्या पोळीबरोबर बसली. पुलंनी मटार उसळीच्या जोडीला तिला पुणेरी चैनीचा मापदंड करून टाकलं आणि तेव्हापासून तिच्या नावाने हसणं हा शिष्टाचारच झाला. पण देवास संस्थानात असायच्या तशा थोरली आणि धाकटी पाती इथे मांडायच्या झाल्या, तर नावाने थोरली पाती शिकरणीचीच. आपण ज्या वाटीला हसतो, तिच्यावर भीमाची मोहर आहे.

शिकरणीत केळंच का, याचं उत्तर रसायनात आहे. दुधातलं केसीन आंबटपणा वाढला की गोळा होतं. पिकलेल्या केळ्यात आम्ल इतकं कमी की दूध शांत राहतं. आंबा जरा कच्चट निघाला, तर तेच दूध दगा देतं. चक्क्याला ही भीती नाही, कारण त्याचं दूध आधीच फाटून, म्हणजे विरजून, मोकळं झालेलं असतं. आंबट आंबा पडो की गोड, त्याचं आता काही बिघडत नाही. म्हणून आंब्याला दुधापेक्षा चक्क्याचं घर भरवशाचं. अननसाचं मात्र जपून: कच्च्या अननसातलं विकर प्रथिनं तोडतं आणि चक्का तासाभरात कडवट होऊ लागतो. तो आधी साखरेत शिजवूनच घालावा.

आम्रखंड या शब्दाचाही एक डाव आहे. ‘श्रीखंड’ हा अखंड शब्द लोकांनी मनातल्या मनात तोडला: श्री वेगळा, खंड वेगळं. मग श्रीच्या जागी आंबा बसवला. मूळचा साखरेचा खडा असलेला ‘खंड’, ज्याच्यापासून अरबांमार्फत इंग्रजांची कँडीसुद्धा झाली, तो मराठीत ‘चक्क्याचं पक्वान्न’ या अर्थाचा प्रत्यय होऊन बसला. ‘फ्रूटखंड’ हा शब्द डब्यावर वाचून कोणालाही अर्थ विचारावा लागत नाही.

डब्यावरून आठवलं. भिलवडीला 1939 साली सुरू झालेला चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय 1950 मध्ये पुण्यात दुकान थाटून बसला, आणि पुढे वारणेसारख्या सहकारी संस्थांनीही श्रीखंड-आम्रखंड घरोघर नेलं. फडकं टांगून टनावारी चक्का निघेना, तेव्हा बडोद्याच्या सुगम डेअरीने क्वार्क या जर्मन ताज्या चीजसाठी बनलेलं गरगर फिरणारं विभाजक यंत्र श्रीखंडाला जुंपलं. दही गाळण्याची युक्ती जर्मनांची, अरबांची आणि आपली एकच असल्याने यंत्राला काही जड गेलं नाही. कायद्यानेही दोन भावंडं वेगळी ओळखली: कोरड्या घटकांच्या हिशेबाने साध्या श्रीखंडात किमान 8.5 टक्के स्निग्धांश हवा, फळांच्या श्रीखंडात 7 टक्के चालतो. फळाने जागा घेतली की दुधाला थोडी सूट मिळते, इतकाच त्याचा अर्थ.

असल्या कुळकथा जुळवायला पुणं सोयीचं गाव आहे. भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे पोथ्यांच्या ढिगाऱ्यातून जिलबीचा इतिहास काढत बसले होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या ग्रंथांत सतराव्या शतकातल्या रघुनाथ पंडिताचं ‘भोजनकुतूहल’ही होतं. खाण्याची विचारपूस हा पोरकटपणा नाही, हे त्यांनी लॉ कॉलेज रस्त्यावर बसून सिद्ध केलं.

आता संध्याकाळचं बघू. चक्का एक वाटी असेल तर साखर पाऊण वाटी आणि गाळलेला दाट हापूसचा रस अर्धी वाटी. आधी चक्का आणि साखर कालवून तासभर ठेवावं. साखर पाणी सोडायला लावते आणि गोळा सैल होतो. मग पुरणयंत्रातून, नाहीतर पातेल्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर घासून काढावं, आणि रस सगळ्यात शेवटी. रस पातळ असला, तर आम्रखंड वाटीत बसत नाही, वाहतं.

पाहुणे गेल्यावर पातेल्याच्या तळाशी थोडं उरतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं त्यात गार दूध ओततात आणि ढवळून पितात. घरातलं मोठं माणूस ओरडतं, ‘अरे, आम्रखंडाची शिकरण केली!’ तो शेरा रागाचा असतो. पण दूध दह्याच्या दुप्पट पडलं असेल, तर पोरांनी भीमाचं माप बरोबर साधलेलं असतं.