शनिवारवाड्यातली मुकी भुते

पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, ही दंतकथा पुण्याला कधीही न गेलेल्या गोंयकारालाही ठाऊक असते. गंमत पाहा, आपला देवचार गावाची राखण करतो आणि पुण्याचे हे भूत अजून स्वतःसाठीच राखण मागते आहे!

मागची घटना खरी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, गारद्यांनी वाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांना ठार केले. वय अवघे अठरा. रामशास्त्री प्रभुण्यांनी काका रघुनाथरावांना दोषी धरले. ती हाक जिथून येते म्हणतात, ती दालने २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत जळून गेली. उरले तट, दरवाजे आणि जोती.

मला खटकते ते वेगळेच. त्या दिवशी नारायणरावांसह अकरा माणसे मारली गेली. धन्याला वाचवायला त्याच्या अंगावर पडलेला चापाजी टिळेकर, दोन दासी, आणखी काही सेवक. त्यांच्यापैकी कुणाचीही हाक कुणाला ऐकू येत नाही. भूत होण्यासाठीसुद्धा हुद्दा लागतो की काय?

उलट आनंदीबाईंना दंतकथेने जिवंतपणीच हडळ केले. 'धरावे'चे 'मारावे' केले म्हणे! त्याला समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही. कारकुनीत जन्म चालला असल्याने सांगतो, खाडाखोड कुणी केली हे ठरवायला आधी कागद समोर लागतो. इथे कागदावाचूनच निकाल लागला.

खुनानंतर दोन गरोदर बायका दोन किल्ल्यांवर गेल्या, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. नारायणरावांच्या गंगाबाई पुरंदरावर. तिथे एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले. बारभाईंपुढे माघार घेणाऱ्या रघुनाथरावांनी आनंदीबाईंना माळव्यात पवारांच्या आश्रयाला, धारच्या किल्ल्यात ठेवले. जानेवारी १७७५ मध्ये त्या लाल दगडी तटांच्या आत दुसरे बाजीराव जन्मले.

१७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातच उंचावरून पडून गेले. मग धारला जन्मलेला मुलगा गादीवर आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांना शरण जाऊन ब्रह्मावर्ताला राहिला.